कंपोस्टेबल फिल्ममध्ये सुधारित बेंटोनाइट: पाउच बनवणाऱ्या लघुउद्योगासाठी सविस्तर कृती

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या ठरावीक वस्तूंवर बंदी लागू झाली. त्यानंतर कंपोस्टेबल दाण्याकडे वळणाऱ्या फिल्म उत्पादकाला एक अडचण लगेच जाणवते. पॉलिथिनची जी फिल्म चिवडा महिनोन्महिने कुरकुरीत ठेवते, तिच्या जागी तेवढ्याच जाडीची पीबीएटी आणि पीएलए या कंपोस्टेबल पॉलिमरांच्या मिश्रणाची फिल्म वापरली, तर चिवडा फार लवकर सादळतो. या पॉलिमरांतून पाण्याची वाफ सहज आरपार जाते. त्यांत पीएलए ठिसूळ असते, तर पीबीएटी मऊ आणि लवचीक असले तरी वाफ अडवण्यात कमजोर असते. या उणिवेवर एक परवडणारा उपाय म्हणजे बेंटोनाइट मातीतील मॉन्टमोरिलोनाइट या थरयुक्त खनिजाच्या पृष्ठभागात रासायनिक बदल करून त्याचे पापुद्रे फिल्ममध्ये विखुरणे. नाशिक परिसरातील सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एखादी ब्लोन फिल्म लाइन (वितळलेले प्लास्टिक फुग्यासारखे फुगवून फिल्म काढणारे यंत्र) चालवणाऱ्या उद्योजकाला हे काम टप्प्याटप्प्याने कसे करता येईल, ते या लेखात मांडले आहे.

या कामात बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'माती किती टक्के घालायची?' माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटचा आहे. माती किती सुटी झाली आणि किती कोरडी होती, यावर फिल्मचे यश अवलंबून असते. टक्केवारीचा भाग त्यामानाने लहान आहे.

पाउचमध्ये काय भरायचे आहे

वाफ आणि प्राणवायू अडवणारी फिल्म प्रत्येक मालाला हवी असते, असे नाही. लासलगावच्या कांद्याला हवा खेळती लागते. त्याला अडथळा करणाऱ्या फिल्ममध्ये कोंडले, तर तो सडेल. निर्यातीच्या द्राक्षांना ओलावा टिकलेला हवा असतो, पण आतल्या बाजूला पाण्याचे थेंब साचले की बुरशी धरते, म्हणून त्यांच्या आवरणाला छिद्रे ठेवतात. ताजी फळे आणि भाज्या श्वसन करतात, त्यामुळे तिथे अडथळा वाढवणे उलट घातक ठरू शकते. मातीच्या पापुद्र्यांचा खरा उपयोग कोरड्या मालाला होतो. चिवडा बाहेरचा ओलावा शोषून सादळतो आणि त्यातील तेल प्राणवायूमुळे खवट होते, तर बेदाण्यातील ओलावा बाहेर निघून गेला की तो कडक होतो. पुढील सर्व आकडे अशा कोरड्या मालाच्या ३० ते ५० मायक्रॉन जाडीच्या पाउचला धरून दिले आहेत.

अपेक्षाही आधीच नेमक्या ठेवाव्यात. मातीचे पापुद्रे घातलेली कंपोस्टेबल फिल्म धातूचा पातळ थर दिलेल्या मेटलाइज्ड पाउचची बरोबरी करणार नाही. शहरातल्या शहरात काही आठवड्यांत विकल्या जाणाऱ्या मालासाठी ती योग्य आहे. परराज्यात जाऊन सहा महिने दुकानात राहणाऱ्या मालासाठी तिचे आश्वासन देऊ नये.

पापुद्रे अडथळा कसा निर्माण करतात

मॉन्टमोरिलोनाइटचा एक पापुद्रा सुमारे १ नॅनोमीटर जाड असतो, मात्र त्याची लांबी-रुंदी शंभर ते काही शे नॅनोमीटर भरते. हे पापुद्रे फिल्ममध्ये आडवे पसरले की वाफेच्या रेणूला सरळ पलीकडे जाता येत नाही, प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालावा लागतो. वाट लांबली की पारगम्यता घटते. निल्सनच्या सूत्रात हे गणित सोपे करून मांडले आहे. मातीचे घनफळाने प्रमाण आणि पापुद्र्याच्या लांबीचे त्याच्या जाडीशी असलेले गुणोत्तर, या दोन गोष्टींवर सारे ठरते.

उदाहरण घेऊ. फिल्ममध्ये सुधारित मातीचे वजनाने प्रमाण ३ टक्के आहे. त्यातील सुधारणेसाठी घातलेला सेंद्रिय भाग वजा केला की खनिज सुमारे २.४ टक्के उरते आणि ते घनफळाने जेमतेम १.२ टक्के भरते. पापुद्रे पूर्ण सुटे होऊन लांबी-जाडीचे गुणोत्तर १०० मिळाले, तर सूत्रानुसार पारगम्यता सुमारे ३८ टक्क्यांनी घटते. तीच माती तितकीच घातली, पण पापुद्रे गठ्ठ्यातच राहून गुणोत्तर १० वर अडकले, तर घट फक्त ७ टक्क्यांची होते. अशा गठ्ठ्यातील मातीचे प्रमाण तिप्पट केले, तरी घट १८ टक्क्यांपर्यंतच पोहोचते आणि एवढी माती घातलेली फिल्म तोवर ठिसूळही झालेली असते. टक्केवारीच्या आधी विखुरण्याकडे लक्ष द्यावे असे वर म्हटले, ते या हिशोबामुळे.

माती निवडणे आणि स्वच्छ करणे

मॉन्टमोरिलोनाइट नाशिककराला अनोळखी नाही. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी जमीन त्याच वर्गातील खनिजांमुळे तशी वागते. मॉन्टमोरिलोनाइट ज्यात प्रामुख्याने असते तो बेंटोनाइट आपल्याकडच्या वायनरींत वाइनमधील प्रथिने खाली बसवण्यासाठी वापरतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातही तोच भरतात. म्हणून शेतातली माती आणून चालेल, असे मात्र समजू नये. तिच्यात लोहाची संयुगे, वाळू आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. लोहामुळे फिल्मला रंग येतो आणि वितळलेल्या पॉलिमरचा ऱ्हासही वाढतो. अर्थिंगचा बेंटोनाइटही या कामाचा नाही. कच्छ किंवा बाडमेर भागातील सोडियम प्रकारचा, शक्य तितका फिकट रंगाचा आणि शुद्ध केलेला बेंटोनाइट मागवावा.

माल आल्यावर दोन साध्या चाचण्या घ्याव्यात. पहिली फुगण्याची. १०० मिलीच्या मापनलिकेत पाणी घेऊन त्यात २ ग्रॅम वाळवलेली भुकटी चिमटीचिमटीने टाकावी आणि एक दिवस तशीच ठेवावी. फुगलेल्या मातीची पातळी २४ मिलीच्या वर गेली तर माल चांगला. ती फारच खाली राहिली तर माती कॅल्शियम प्रकारची असण्याची शक्यता असते. अशी माती वजनाच्या २ ते ४ टक्के सोडियम कार्बोनेट घालून सोडियम प्रकारात आणता येते, पण सुरुवातीला ही खटपट टाळून चांगलीच माती घ्यावी.

दुसरी चाचणी धन आयन विनिमय क्षमतेची. पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो आणि त्याला तोलण्यासाठी पापुद्र्यांच्या मध्ये सोडियमचे आयन बसलेले असतात. हे आयन किती आहेत, त्यावर पुढे सुधारक, म्हणजे पृष्ठभाग बदलणारे रसायन, किती लागेल हे ठरते. १ ग्रॅम माती पाण्यात चांगली ढवळून तीत ०.०१ मोलर मेथिलीन ब्लूचे द्रावण थोडेथोडे घालावे आणि दर वेळी काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदावर टाकावा. सुरुवातीला मध्ये गडद निळा ठिपका दिसतो आणि त्याभोवतीचे पाणी रंगहीन असते. ज्या क्षणी ठिपक्याभोवती फिकट निळे वलय उमटते आणि दोन मिनिटे ढवळूनही ते टिकते, तो शेवट. तोवर ९० मिली द्रावण खर्च झाले असेल, तर क्षमता दर १०० ग्रॅमला ९० मिलिइक्विव्हॅलंट आहे. चांगल्या मॉन्टमोरिलोनाइटसाठी हा आकडा ८० ते १२० च्या दरम्यान असतो. कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत ही चाचणी अर्ध्या दिवसात होते. मालाच्या प्रत्येक नव्या खेपेला ती करावी.

वाळू काढण्यासाठी माती २ टक्के प्रमाणात पाण्यात रात्रभर ढवळत ठेवावी आणि मग स्थिर करावी. साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाला २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ७ तास घेतो. म्हणून ७ तासांनी वरचे १० सेंटिमीटर पाणी हळूच काढून घेतले, की त्यात बारीक माती तेवढी येते. तळाशी बसलेला गाळ परत वापरू नये.

सुधारक कोणता घ्यावा

मूळ मातीला पाण्याची ओढ असते, तर पॉलिमर सेंद्रिय असते. दोघांचे जमावे म्हणून सोडियमच्या जागी सेंद्रिय धन आयन बसवतात. त्याने पापुद्र्यांमधील अंतर वाढते आणि पृष्ठभाग पॉलिमरला अनुकूल होतो. पीएलए आणि पीबीएटी ही दोन्ही पॉलिएस्टर असल्याने ज्या चतुर्थक अमोनियम (नायट्रोजनला चार कार्बनी गट जोडलेल्या) आयनावर हायड्रॉक्सिल गट असतात तो अधिक उपयुक्त ठरतो, कारण हे गट पॉलिमरच्या कार्बोनिल गटांशी हायड्रोजन बंध जोडतात. बाजारात अशी तयार सुधारित माती मिळते. स्वतः सुधारणा करण्यापेक्षा पहिल्या चाचण्या तयार मालावर घ्याव्यात, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

तयार माल मागवताना मात्र पुरवठादाराला एक प्रश्न जरूर विचारावा. या सुधारकांतील लांब कार्बनसाखळी अनेकदा टॅलोपासून, म्हणजे जनावराच्या चरबीपासून आलेली असते. पाउचवर शाकाहाराची हिरवी खूण लावणाऱ्या, उपवासाचे पदार्थ किंवा देवस्थानाचा प्रसाद भरणाऱ्या ग्राहकाला ही गोष्ट नंतर कळली, तर त्याचा विश्वास तुटेल आणि तसे होणे रास्तच आहे. वनस्पतिजन्य साखळीचा सुधारक मागावा आणि तसे लेखी घ्यावे. कायटोसानने सुधारलेली माती हा दुसरा मार्ग आहे, पण कायटोसानही बहुधा कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून काढतात. त्यामुळे बुरशीपासून बनवलेले कायटोसान मिळते का, ते पाहावे. कायटोसानची माती प्राणवायू अडवण्यास चांगली असते. ती मूळची पाणी धरणारी असल्याने वाफेच्या बाबतीत तिच्याकडून कमी अपेक्षा ठेवावी.

सीटॅब (सेटिलट्रायमेथिलअमोनियम ब्रोमाइड) हे सहज मिळणारे चतुर्थक अमोनियम मीठ सराव म्हणून वापरायला सोपे आहे आणि पुढील कृती त्याच्यावरच दिली आहे. खाद्यपदार्थाला लागणाऱ्या फिल्ममध्ये मात्र ते वापरू नये. ते जंतुनाशक आणि त्रासदायक रसायन आहे. पद्धत शिकण्यासाठी आणि अखाद्य मालाच्या आवरणासाठीच ते ठेवावे. सुधारक बदलला तर रेणुभार बदलून तोच हिशोब पुन्हा करायचा असतो.

माती सुधारण्याची कृती

समजा मातीची क्षमता दर १०० ग्रॅमला ९० मिलिइक्विव्हॅलंट आली. म्हणजे १०० ग्रॅम मातीला ०.०९ मोल सुधारक लागेल. सीटॅबचा रेणुभार ३६४.५ आहे, म्हणून ०.०९ गुणिले ३६४.५ म्हणजे ३२.८ ग्रॅम. प्रत्यक्षात याच्या ९० टक्के, म्हणजे साडेएकोणतीस ग्रॅम घ्यावे. क्षमतेपेक्षा जास्त घातलेला सुधारक पापुद्र्यांना बांधला जात नाही. तो मोकळा राहतो, एक्स्ट्रूडरच्या (पॉलिमर वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेत आधी विघटित होतो आणि पुढे फिल्ममधून बाहेर झिरपतो.

१०० ग्रॅम स्वच्छ माती ५ लिटर खनिजविरहित पाण्यात घेऊन ७० अंशांना किमान २ तास जोरात ढवळावी. बोअरवेलचे पाणी चालणार नाही, कारण त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडियमची जागा आधीच अडवतात. सुधारक १ लिटर कोमट पाण्यात वेगळा विरघळवून तो तासाभरात बारीक धारेने मातीत सोडावा. पुरेसे आयन बदलले की आतापर्यंत गढूळ आणि गुळगुळीत असलेला द्रव फाटल्यासारखा होतो, मऊ गुठळ्या तयार होतात आणि ढवळणे थांबवले की वर स्वच्छ पाणी दिसू लागते. हा बदल डोळ्यांना स्पष्ट दिसतो. त्यानंतरही आणखी ३ तास ढवळणे चालू ठेवावे.

मग गाळून गुठळ्या कोमट पाण्याने धुवाव्यात. धुणे पुरे झाले की नाही, हे सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने कळते. गाळलेल्या पाण्यात फिकट पिवळसर धुरकटपणा आला, तर ब्रोमाइड अजून शिल्लक आहे. पाणी निवळ राहीपर्यंत धुवावे. या टप्प्यावर घाई केल्यास पुढच्या प्रत्येक चाचणीत त्याचा त्रास होतो. हे धुतलेले पाणी गटारात सोडू नये. चतुर्थक अमोनियम संयुगे जलचरांना विषारी असतात आणि आपल्या वसाहतींतील नाले अखेर गोदावरीच्या खोऱ्यातच उतरतात. पाणी साठवून सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे.

ओली माती ६० ते ७० अंशांना वाळवून दळावी आणि ४५ मायक्रॉनच्या, म्हणजे ३२५ मेशच्या चाळणीतून काढावी. दळताना श्वसनरोधक मुखपट्टी वापरणे सक्तीचे ठेवावे.

सुधारणा झाली का, हे क्ष-किरण विवर्तनाने ठरते. मूळ सोडियम मातीचा मुख्य पट्टा तांब्याच्या क्ष-किरणांवर ७ अंशांच्या कोनाच्या आसपास दिसतो. त्यावरून पापुद्र्यांमधील अंतर सुमारे १.२ नॅनोमीटर निघते. सुधारणेनंतर पट्टा ४.४ ते ४.९ अंशांकडे सरकला, म्हणजे अंतर १.८ ते २ नॅनोमीटर झाले, तर आयन आत शिरले असे समजावे. ही सोय पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि विद्यापीठांत असते. नमुना पाठवताना मूळ आणि सुधारित अशा दोन्ही माती सोबत पाठवाव्यात, म्हणजे तुलना एकाच यंत्रावर होईल.

वाळवणे

या संपूर्ण कृतीत मी सर्वांत जास्त भर वाळवण्यावर देईन, कारण माती उत्तम असूनही फिल्म बिघडते ती बहुतेक वेळा इथे. पॉलिएस्टरची साखळी उष्णतेत पाण्याच्या रेणूने तुटते. पाण्याचा एक रेणू एक बंध तोडतो. पीएलएचा सरासरी रेणुभार १ लाख धरला, तर १ किलोत साखळ्या ०.०१ मोल असतात. आता २५० पीपीएम ओलावा, म्हणजे किलोमागे पाव ग्रॅम पाणी, म्हणजे सुमारे ०.०१४ मोल. हे सारे पाणी साखळ्या तोडण्यात खर्च झाले, तर साखळ्यांची संख्या ०.०२४ मोल होईल आणि सरासरी रेणुभार ४२ हजारांपर्यंत घसरेल. सगळेच पाणी असे खर्च होत नाही, तरी २५० पीपीएम ही वरची मर्यादा का मानतात, ते यावरून लक्षात यावे.

यात मातीचा ओलावा मिळवा. हवेतला ओलावा घेतलेल्या सुधारित मातीत २ टक्के पाणी असले आणि फिल्ममध्ये तिचे प्रमाण ३ टक्के असले, तर तिच्यातून किलोमागे ०.६ ग्रॅम, म्हणजे ६०० पीपीएम पाणी येते. दाणा कितीही काळजीपूर्वक वाळवला, तरी ही माती एकटी मर्यादेच्या दुपटीहून जास्त पाणी घेऊन येते. शिवाय मातीच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट साखळी तुटण्याला हातभार लावतात. म्हणून सुधारित माती निर्वात भट्टीत ८० अंशांना रात्रभर वाळवून गरम असतानाच बंद डब्यात भरावी आणि डबा थेट फीडरपाशीच उघडावा.

स्फटिकी पीएलए दाणा ८० अंशांना ४ ते ६ तास आणि पीबीएटी दाणा ६० ते ६५ अंशांना तितकाच वेळ वाळवावा. अस्फटिकी पीएलएला ४५ अंशांच्या वर नेऊ नये, कारण ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते मऊ होते आणि दाणे चिकटून हॉपर तुंबतो. साधा गरम हवेचा हॉपर ड्रायर नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात कसाबसा चालेल. जुलै-ऑगस्टमध्ये तो बाहेरची दमट हवाच तापवून दाण्यावर सोडतो. त्या काळात उणे ४० अंश दवबिंदूची, म्हणजे अतिशय कोरडी हवा देणारा डेसिकंट ड्रायर हवाच. तो नसेल, तर पावसाळ्यात हे उत्पादन घेऊ नये.

ओलावा योग्य होता का, हे नंतर वितळ-प्रवाह निर्देशांकावरून, म्हणजे वितळलेले पॉलिमर किती सहज वाहते यावरून, तपासता येते. १९० अंश आणि २.१६ किलो वजनाखाली मूळ मिश्रणाचा आणि तयार फिल्मच्या तुकड्यांचा निर्देशांक मोजावा. फिल्मचा आकडा खूप वर गेला असेल, तर साखळ्या तुटल्या आहेत. अशा वेळी मातीची टक्केवारी बदलत बसू नये, आधी ड्रायरकडे पाहावे.

मास्टरबॅच आणि फिल्म

भुकटी थेट फिल्म मशीनच्या हॉपरमध्ये टाकली, तर एका स्क्रूच्या यंत्रात पापुद्रे सुटे होण्याइतके मर्दन होत नाही. आधी ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरवर १५ टक्के मातीचा मास्टरबॅच, म्हणजे पुढे साध्या दाण्यात मिसळायचा दाट मिश्रणाचा दाणा, करून घ्यावा. तो पीबीएटीमध्ये करावा. अमोनियम सुधारक साधारण १५५ ते २०० अंशांच्या दरम्यान विघटित होऊ लागतात आणि पीएलएचे तापमान १८० च्या वर सहज जाते. पीबीएटी मात्र १४० ते १६० अंशांत चालते. शिवाय आपल्या मिश्रणात पीबीएटीचा भाग मोठा आणि सलग असतो, त्यामुळे माती त्याच भागात राहिलेली बरी. एक्स्ट्रूडर एकाच दिशेने फिरणाऱ्या स्क्रूंचा आणि लांबी-व्यास गुणोत्तर ४० च्या आसपासचा असावा. पॉलिमर वितळल्यानंतर माती साइड फीडरने द्यावी आणि पुढे निर्वात व्हेंट चालू ठेवावा. स्वतःकडे यंत्र नसेल, तर हे काम कंपाउंडरकडून करून घ्यावे, पण वाळवलेली माती घेऊन तिथे स्वतः हजर राहावे.

मास्टरबॅचचा दाणा दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून पातळ चकती करावी आणि ती ट्यूबलाइटसमोर धरावी. ठिपके किंवा वाळूसारखे कण दिसले, तर गठ्ठे शिल्लक आहेत. हा दाणा फिल्मला लावल्यास जाळी तुंबेल आणि फुग्याला भोके पडतील.

१०० किलो फिल्मसाठी मास्टरबॅच २० किलो, शुद्ध पीबीएटी ५८ किलो आणि पीएलए २२ किलो घ्यावे. हिशोब असा की मास्टरबॅचमध्ये १७ किलो पीबीएटी आणि ३ किलो माती आहे, त्यामुळे फिल्ममध्ये एकूण पीबीएटी ७५, पीएलए २२ आणि माती ३ टक्के पडते. पहिल्या खेपेस मातीशिवाय ७५ आणि २२ च्या गुणोत्तरात साधी फिल्म काढून ठेवावी. तिच्याशी तुलना केल्याशिवाय कोणताही दावा करता येणार नाही. बॅरलचे तापमान १५५ ते १७० अंश आणि फुगवण्याचे गुणोत्तर (फुग्याच्या व्यासाचे डायच्या व्यासाशी) २.५ ते ३.५ ठेवावे. फुगा ताणला जातो तसे पापुद्रे फिल्मच्या पातळीत आडवे होतात आणि अडथळ्याला हेच हवे असते. डायपाशी अमोनियाचा किंवा माशासारखा उग्र वास आला किंवा फिल्म पिवळी पडू लागली, तर सुधारक जळतो आहे. तापमान ५ अंशांनी उतरवावे आणि दाणा बॅरलमध्ये रेंगाळू देऊ नये.

फिल्म तपासणे

माती ठरल्याप्रमाणे गेली का, हे राखेवरून कळते. ५ ग्रॅम फिल्म मफल भट्टीत ६०० अंशांना जाळून राख तोलावी. वरच्या मिश्रणात ती सुमारे २.३ ते २.४ टक्के यायला हवी. रोलच्या सुरुवातीचा आणि शेवटचा नमुना वेगवेगळा आकडा देत असेल, तर मिश्रण एकसारखे झालेले नाही.

वाफेची चाचणी कमी खर्चात स्वतः करता येते. ७ सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या वाटीत वाळवलेले कॅल्शियम क्लोराइड भरून तोंडावर फिल्म मेणाने घट्ट बसवावी. वाट्या ३८ अंशांच्या बंद पेटीत ठेवाव्यात आणि पेटीत पोटॅशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणाचे भांडे असावे, म्हणजे आतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. द्राक्ष बागायतदार ज्याला १३:०:४५ म्हणून ओळखतात ते खत म्हणजे हेच रसायन, पण चाचणीसाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचे घ्यावे. रोज एकाच वेळी वाटी तोलावी. वजनवाढ सरळ रेषेत येऊ लागली की दिवसाची वाढ तोंडाच्या क्षेत्रफळाने भागावी. या वाटीचे क्षेत्रफळ ०.००३८५ चौरस मीटर आहे. म्हणून दिवसाला ०.७७ ग्रॅम वाढ म्हणजे चौरस मीटरमागे दिवसाला २०० ग्रॅम. साध्या फिल्मच्या किमान तीन आणि मातीच्या फिल्मच्या तीन वाट्या एकत्र ठेवाव्यात. प्रत्येक आकड्याला जाडीने गुणूनच तुलना करावी, नाहीतर जाड आलेली फिल्म चांगली भासते. प्राणवायूची चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी लागते.

ताणबल, ताणल्यावरची लांबी आणि डार्ट पडण्याची चाचणी छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेच्या केंद्रासारख्या ठिकाणी होते. मातीमुळे फिल्म कडक होते आणि ताणण्याची क्षमता काही प्रमाणात घटते. ही घट पाउच भरताना आणि सील करताना त्रास देईल इतकी असू नये. क्ष-किरण आलेखातून मातीचा पट्टा नाहीसा झाला म्हणजे पापुद्रे पूर्ण सुटे झाले, असे लगेच मानू नये. मातीचे प्रमाण कमी असल्यानेही पट्टा दिसेनासा होतो. पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची दोन-तीन छायाचित्रे एकदा तरी काढून घ्यावीत. पारगम्यतेतील घट अपेक्षेच्या जवळ आली असेल, तर प्रत्येक खेपेला त्यांची गरज नाही.

३ टक्क्यांचा निकाल समाधानकारक आला, की मगच २ आणि ४ टक्के करून पाहावे. ५ टक्क्यांना जाऊ नये, आणि त्याचे एक कारण पुढे आहे.

नियम आणि प्रमाणपत्र

कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि उत्पादन विकण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होणे आणि १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त अवशेष न राहणे, या त्यातील मुख्य अटी. मातीचा खनिज भाग विघटनाच्या हिशोबात येत नाही, पण जड धातूंच्या मर्यादा त्याला लागू असतात, म्हणून मातीच्या पुरवठादाराकडून धातूंचा अहवाल घ्यावा. सेंद्रिय घटकांपैकी जो १ टक्क्यापेक्षा कमी असेल, त्याचे विघटन स्वतंत्र सिद्ध करावे लागत नाही. मात्र अशा घटकांची बेरीज ५ टक्क्यांच्या आत हवी. पूर्ण क्षमतेने सीटॅब बसवलेल्या मातीत सेंद्रिय भाग सुमारे २१ टक्के असतो. ३ टक्के मातीला तो फिल्ममध्ये ०.६ टक्क्यांच्या आसपास पडतो, ५ टक्के मातीला मात्र १ टक्क्याची रेषा ओलांडतो. जुन्या मिश्रणाचे प्रमाणपत्र नव्या मिश्रणाला लागू होईल असे गृहीत धरू नये. रचना बदलली की चाचणीसाठी सहा महिन्यांहून अधिक काळ हाताशी ठेवूनच ग्राहकाला तारीख द्यावी.

खाद्यपदार्थाच्या पाउचला आयएस ९८४५ नुसार एकूण स्थलांतराची, म्हणजे फिल्ममधून पदार्थात किती घटक उतरतात याची, चाचणी लागते. मर्यादा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम किंवा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. युरोपला माल पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथील खाद्यसंपर्क प्लास्टिकच्या नियमांनुसार नॅनो स्वरूपातील पदार्थ स्पष्ट परवानगी असेल तरच वापरता येतो. म्हणून निर्यातीच्या मालाला ही फिल्म लावण्यापूर्वी खरेदीदाराची लेखी संमती घ्यावी.

पाउचवर 'औद्योगिक कंपोस्टमध्ये विघटनशील' असे स्पष्ट छापावे. पीएलए असलेली फिल्म शेताच्या बांधावर किंवा घरच्या खड्ड्यात टाकली, तर तिथे ५५ ते ६० अंशांची उष्णता टिकत नाही आणि फिल्म दीर्घकाळ तशीच पडून राहते. तयार रोल सावलीत, कोरड्या जागी आणि घट्ट वेष्टनात ठेवावेत. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत ते दुपारभर राहू देऊ नयेत. प्रत्येक खेपेचा एक मीटर फिल्म, मातीची विनिमय क्षमता, वाळवण्याच्या वेळा आणि वितळ-प्रवाह निर्देशांक यांची नोंद रोल क्रमांकासह जपून ठेवावी, म्हणजे ग्राहकाकडून तक्रार आल्यास दोष मातीत होता, ओलाव्यात होता की सीलिंगमध्ये, हे त्याच दिवशी शोधता येते.